हरकत घेणारे नागोजीराव

आमच्या बैठकीला नागोजीराव आले नाहीत असं कधी झालं नाही, आणि ते आले की बैठक कसलाही निर्णय न होता संपणार हेही जवळजवळ ठरलेलं असे. तरी लोक त्यांची वाट बघत. येताना ते जे. पी. नगरातल्या त्यांच्या नेहमीच्या बेकरीतून खारा बिस्किटं, म्हणजे इथली तिखटमिठाची बिस्किटं, आणायचे. पिशवी टेबलावर फिरायची, कोणाच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, कोणाच्या मुलीला कुठे ॲडमिशन मिळाली याची चौकशी व्हायची. ती वरवरची नसे. मागच्या वेळी सांगितलेलं त्यांना सगळं आठवायचं. मग अध्यक्ष शेणॉयबाई म्हणायच्या, चला, सुरू करू. कोणीतरी मसुद्यातलं पहिलं कलम वाचायचं, आणि नागोजीरावांचा उजवा हात कोपरापासून वर यायचा. फार नाही, रिक्षा थांबवायला करतात तेवढाच.

"स्वल्प एक मुद्दा आहे."

बैठक इंग्रजीत चालायची, पण हे कन्नड 'स्वल्प', म्हणजे 'जरा', त्यांच्या इंग्रजीतही तसंच असायचं. ते ऐकलं की निम्मे लोक लॅपटॉप उघडून आपापली दुसरी कामं काढत.

बैठक कसली ते सांगते. बंगळुरात इलेक्ट्रिक स्कूटर दिसायला लागल्या तेव्हा प्रत्येक कंपनीचा चार्जिंगचा प्लग वेगळा होता. एकीच्या स्कूटरला दुसरीचा चार्जर बसत नसे. म्हणून स्कूटरवाल्या, बॅटरीवाल्या आणि चार्जरवाल्या कंपन्यांनी मिळून एक आघाडी केली. सगळ्यांना चालेल असा एक प्लग ठरवायचा आणि त्याचं मानक लिहायचं, एवढंच तिचं काम. ऐकायला हे महिन्याभराचं वाटतं. मी नागपूरहून नुकतीच इथे आले होते, सर्जापूर रोडवरच्या एका लहानशा कंपनीत चार्जर डिझाइन करत होते, आणि मलाही तसंच वाटलं होतं. आमचे मालक प्रकाश यांनी तर या मानकाच्या भरवशावरच कंपनी काढली होती. कुठल्याही स्कूटरला चालेल असा चार्जर आमच्याकडे तयार होता. मानक तेवढं यायचं होतं.

नागोजीराव बाजारातल्या सगळ्यात मोठ्या स्कूटर कंपनीचे प्रतिनिधी होते. त्या कंपनीचा स्वतःचा प्लग होता, शहरभर स्वतःचे चार्जर होते, आणि समाईक प्लग जितका लांबेल तितकं तिच्या फायद्याचं होतं. पण आघाडीबाहेर राहणं शोभलं नसतं, आणि उघड विरोध करणं त्याहून वाईट दिसलं असतं. आघाडीचा नियम एकमताचा होता. एकाही सदस्याचा रास्त मुद्दा शिल्लक असेल तर कलम पुढच्या बैठकीत जायचं. कंपनीने नागोजीरावांना पाठवलं होतं ते यासाठी. त्यांच्याकडे रास्त मुद्दा कायम शिल्लक असे.

माझ्या पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं की 'प्लग' म्हणजे नेमकं काय. केबल त्यात धरायची का? वरचं टोपण धरायचं का? टोपण धरलं, आणि ते पावसात उघडं राहिलं, तर जबाबदारी स्कूटरवाल्याची की चार्जरवाल्याची? मला आधी राग आला. मग हळूहळू पटायला लागलं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मीच तावातावाने टोपणाबद्दल बोलत होते. दुपारी टोपणासाठी एक उपसमिती नेमली गेली. तिच्यात माझं नाव नागोजीरावांनीच सुचवलं.

त्या संध्याकाळी, बैठक झाली त्या हॉटेलच्या दाराशी मी आईशी फोनवर बोलत होते. माझं बोलणं संपेपर्यंत ते थोडं लांब थांबले आणि मग कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानेच खायच्या उपाहारगृहात, त्यांनी मला बाय-टू कॉफी पाजली, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत. "तू मराठी की काय, अम्मा? आधी सांगायचं की मग." इथली वयस्क माणसं मुलींना अम्मा म्हणतात, हे तोवर मला कळलं होतं. त्यांचं घराणं कोण्या फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. मराठी उंबऱ्याच्या आत राहिलं. त्यांचं मराठी ऐकताना मला जुन्या पितळी भांड्यांची आठवण व्हायची, रोजच्या वापराने पातळ झालेल्या. मी त्यांना काका म्हटलं तर म्हणाले, काका तिकडे तुमच्या नागपुरात, इथे अण्णा. तेव्हापासून अण्णा.

पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा सरळच विचारलं की हे तुम्ही मुद्दाम करता ना. ते रागावले नाहीत. कॉफी फुंकत म्हणाले, "मुद्दामच करतो. पण खोटं बोलत नाही. गरजच पडत नाही, अम्मा. खऱ्या शंकाच इतक्या असतात."

आणि ते खरं होतं. त्यांचा एकही मुद्दा टाकाऊ नव्हता. धूळ आत गेली तर काय, डाव्या हाताने लावणाऱ्याचं काय, कन्नड आणि तमिळमधल्या सूचना कोण तपासणार, सगळे प्रश्न कोणीतरी कधीतरी विचारायलाच हवे होते. फक्त ते एकावेळी एकच विचारत. एक सुटला की दुसरा. त्यांना मी कधी आवाज चढवताना पाहिलं नाही. विरोधातल्या माणसाचं म्हणणं ते त्याच्याहून नीट मांडून दाखवत, त्याचं कौतुक करत, आणि मग त्यात एक बारीकशी फट दाखवत. कोणी थकून जांभई दिली की तेच म्हणत, आज पुरे, साकु, सगळे दमलेत. एकमताबद्दल त्यांचं एक म्हणणं होतं. सगळ्यांचं मत एक होणं म्हणजे एकमत नव्हे, विरोध करायला कोणाच्याही अंगात त्राण न उरणं म्हणजे एकमत. मला तेव्हा तो विनोद वाटला होता.

एका रविवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. घरातले नागोजीराव बघून मी चकित झाले. कारण घरात ते कशालाही हरकत घेत नसत. पद्माक्का, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या की पंखा बंद करते, तर सरी, म्हणजे बरं. नात म्हणाली की आजोबा, घोडा व्हा, तर सरी. शेजारचे गृहस्थ येऊन म्हणाले की तुमच्या फाटकासमोर आमची गाडी दोन दिवस राहू दे, तर त्यालाही सरी. जेवायला नाचणीचे मुद्दे होते, आपल्या उकडीच्या गोळ्यासारखे, पण चावायचे नाहीत, सारात बुडवून गिळायचे. मला ते जमेना. पद्माक्का वाढता वाढता म्हणाल्या, "यांच्याकडं बघ. घरात मुद्दे गिळतात, बाहेर जाऊन मुद्दे काढतात." अण्णा खाली बघून हसले. जेवण झाल्यावर पायरीवर बसलो तेव्हा मात्र आपणहून बोलले. पहिली काही वर्षं मला खरंच वाटायचं की घाई होतेय, म्हणाले. मग तसं वाटायचं थांबलं, पण हात वर जायचा थांबला नाही.

यात आमची कंपनी संपली. प्रकाश ती जितकी ओढता येईल तितकी ओढत होते. माणसं कमी झाली, मग जागा लहान झाली. मानक पुढच्या बैठकीत नक्की, असं ते प्रत्येक बैठकीनंतर सगळ्यांना सांगायचे. शेवटी एका बैठकीत त्यांनी लॅपटॉप मिटला आणि नागोजीरावांकडे बघून शांतपणे विचारलं, "सर, आणखी किती मुद्दे आहेत? एकदाच सांगून टाका."

नागोजीरावांनी समोरचा मसुदा सरळ केला. मग म्हणाले, "आहेत." आणि त्यांनी त्या दिवशीचा मुद्दा मांडला.

आम्ही बंद झाल्यावर कुठल्याही बैठकीत त्याचा उल्लेख झाला नाही. पण त्या आठवड्यांत अण्णा फोनवर फोन करत होते हे मला नंतर समजलं. आमच्या बहुतेक सगळ्यांना कुठे ना कुठे नोकरी लागली. के. आर. पुरमला राहणारा आमचा तंत्रज्ञ होता, त्याला तर घराजवळची लागली. मला आघाडीच्याच कार्यालयात घेतलं. बैठका ठरवायच्या, मसुदे पाठवायचे, असं काम. प्रकाश दुसऱ्या एका कंपनीचे सल्लागार म्हणून पुन्हा त्याच टेबलाशी येऊन बसायला लागले. ते नागोजीरावांनी आणलेलं बिस्किट घेत. बोलत नसत.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी सगळं उलटलं. परदेशी कंपन्या आपला प्लग घेऊन इथे येणार अशी कुणकुण लागली, आणि नागोजीरावांच्या कंपनीला अचानक घाई झाली. आमचाच प्लग सगळ्यांनी समाईक म्हणून घ्या, फुकट घ्या, पण लवकर ठरवा, असं तिने आघाडीला कळवलं. बाकीचे इतके कंटाळले होते की त्यांनी आनंदाने मान डोलावली. नागोजीरावांना सांगण्यात आलं की आता मानक पुढे रेटा. त्यांच्या मदतीला, म्हणजे खरं तर त्यांच्यावर लक्ष ठेवायला, आदित्य नावाचा एक तरुण मॅनेजरही यायला लागला.

त्या नव्या घाईतली पहिली बैठक मला चांगली आठवते. एकेक कलम वाचलं जायचं, आणि ते संपलं की सगळ्यांच्या माना सवयीने नागोजीरावांकडे वळायच्या. ते दोन्ही हात टेबलावर ठेवून बसलेले. शेणॉयबाई क्षणभर थांबायच्या आणि म्हणायच्या, मंजूर. जी कलमं आम्ही वर्षानुवर्षं चघळली होती ती चहाच्या आधीच पार पडली. आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात खोलीत थोडं संकोचल्यासारखं वाटत होतं.

अंतिम बैठकीच्या आधी एका दुपारी अण्णांचा फोन आला, सर्जापूर रोडला ये म्हणून. तिथे एका मॉलच्या मागे जेवण पोचवणारी मुलं स्कूटर चार्ज करतात. समाईक होऊ घातलेला कंपनीचा प्लग तिथे सगळ्या स्कूटरांसाठी चाचणीला लावला होता. अण्णा उन्हात उभे होते, शर्ट घामाने चिकटलेला. पोरं घाईत यायची, प्लग खुपसायची, घाईत ओढून काढून जायची. दिवसभर तेच. एक प्लग सैल झाला होता. त्याच्याशी उभा असलेला मुलगा आम्हाला म्हणाला, "स्वल्प हलवून लावा अण्णा, मग पकडतो." त्याने वर रबर बँडही गुंडाळला होता. अण्णांनी मला त्या प्लगला हात लावायला सांगितलं. मी लावला आणि लगेच काढून घेतला. चांगलाच तापला होता, आणि चार्जिंग चालूच होतं.

प्लग तापला तर चार्जर आपोआप बंद झाला पाहिजे, असं एक वाक्य मसुद्यात हवं होतं. ते नव्हतं. त्यांनी ते कंपनीत सांगितलं होतं. त्यासाठी आधीच बसवलेले सगळे चार्जर बदलावे लागले असते, म्हणून पुढच्या आवृत्तीत बघू असं उत्तर मिळालं होतं.

"हा मुद्दा खरा आहे," अण्णा म्हणाले.

मी विचारलं, "मग बाकीचे खोटे होते?"

"नव्हते. पण ते काढले नसते तरी चाललं असतं." ते रुमालाने मान पुसत राहिले. मग म्हणाले की थकलो गं, अम्मा. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

अंतिम बैठकीत केक आणला होता. शेवटचं कलम वाचून झालं, आणि नागोजीरावांचा हात वर आला.

आधी कोणाला समजलंच नाही. मग कोणीतरी हसलं, आणि ते हसू टेबलभर पसरलं. प्रेमाचं हसू होतं ते, त्यात वाईट काही नव्हतं. एकजण म्हणाला, राव सर, जुन्या आठवणींसाठी एक शेवटचा मुद्दा होऊन जाऊ दे. नागोजीराव उभे राहिले. ते एरवी बसूनच बोलत. त्यांनी सैल प्लगबद्दल सांगितलं, रबर बँडबद्दल सांगितलं, हवं ते एक वाक्य कसं लिहायचं तेही सांगितलं. इतकं कमी बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. ना कोणाची स्तुती, ना उपसमिती. एवढंच सांगून ते थांबले.

आदित्य नम्रपणे म्हणाला की कंपनीची यावर कसलीही हरकत नाही, हे रावसाहेबांचं वैयक्तिक मत आहे. वैयक्तिक हरकत नियमात बसत नव्हती. हरकत सदस्याची लागते, आणि सदस्य म्हणजे कंपनी. शेणॉयबाईंनी टेबलाभोवती बघितलं. दुसऱ्या कोणत्याही कंपनीने हा मुद्दा उचलला असता तर कलम थांबलं असतं. नागोजीरावही बघत होते, एकेकाकडे. त्यांची नजर प्रकाशवर येऊन थांबली. त्या खोलीत चार्जर आतूनबाहेरून कळणारा माणूस प्रकाशच होता.

प्रकाश म्हणाले, "सर, आज नको."

तुच्छतेने नाही, रागानेही नाही. आजारी माणसाने पाहुण्याला सांगावं तसं.

"सरी," नागोजीराव म्हणाले आणि खाली बसले. मानक मंजूर झालं. टाळ्या वाजल्या, केक कापला गेला. नागोजीरावांनी आपला तुकडा संपवला, बशी नीट कडेला ठेवली, सगळ्यांशी हात मिळवला आणि गेले. नंतर लिफ्टपाशी प्रकाश माझ्याशेजारी उभे होते. आपणहून म्हणाले, "मला पटलं होतं, मृणाल. पण पुन्हा सुरुवात करायची ताकद नव्हती." लिफ्ट आली तरी ते आत शिरले नाहीत.

नागोजीरावांना कंपनीने त्यानंतर लवकरच निवृत्त केलं. निरोप समारंभ झाला म्हणतात, मला आमंत्रण नव्हतं. मी फोन केला की ते पद्माक्कांच्या तब्येतीबद्दल बोलत, नातीच्या शाळेबद्दल बोलत, माझ्या आईची चौकशी करत. आघाडीचं नाव काढत नसत. मीही काढत नसे.

हे प्लग आता सगळ्याच कंपन्यांच्या चार्जरवर शहरभर लागले. पहिल्या उन्हाळ्यात काही काळवंडायला लागले, काही मऊ पडले. मग एका अपार्टमेंटच्या तळघरात पार्किंगमध्ये धूर झाला. माणसं वेळेवर बाहेर आली, कोणाला इजा झाली नाही. स्कूटर जळाल्या, आणि वॉचमनचा संसार तिथेच एका खोलीत होता, त्याचं सामान गेलं. मी बघायला गेले होते. त्याची बायको भिजलेल्या गाद्या बाहेर उन्हात ओढत होती आणि तिने माझ्याकडे वर मान करूनही पाहिलं नाही. मी कोण, कुठून आले, हे तिला माहीत असायचं काही कारणही नव्हतं.

आघाडीची तातडीची बैठक झाली. दुरुस्ती मांडली गेली: प्लग ठरावीक मर्यादेपलीकडे तापला तर चार्जरने पुरवठा तोडलाच पाहिजे. नागोजीरावांनी त्या दिवशी सांगितलेलं वाक्य जवळजवळ तसंच होतं. हे कोणी बोललं नाही. कोणाला आठवत नव्हतं असं मला वाटत नाही. जुने चार्जर बदलायचंही ठरलं. हरकत कोणाचीच नव्हती. सगळं एका बैठकीत मंजूर झालं.

हे फोनवर सांगायचं मला जिवावर आलं, म्हणून मी जे. पी. नगरला गेले. फाटक उघडंच होतं. पद्माक्का अंगणात उभ्या होत्या, दोन्ही हातांनी शिडी धरून. वर गच्चीच्या कठड्यावर पाण्याची टाकी होती आणि शिडीच्या टोकाशी अण्णा. टाकीतला फ्लोट अडकला होता, पाणी वाया जात होतं, आणि प्लंबर येतो म्हणून आला नव्हता. मला बघून अण्णांनी वरूनच विचारलं की आई कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे. मग मी खालूनच त्यांना सांगितलं, धूर झाला ते, दुरुस्ती झाली ते. पद्माक्का शिडी धरून ऐकत होत्या.

"कोणाला लागलं का?" अण्णांनी वरून विचारलं.

मी नाही म्हटलं. वॉचमनचं सामान गेलं तेही सांगितलं.

त्यांनी टाकीच्या कडेला हात टेकला. "कोणी विचारलं का, हे आधी का नाही केलं म्हणून?"

"नाही अण्णा."

"विचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "मला तरी विचारायला पाहिजे होतं. इतकी वर्षं तू कुठं होतास म्हणून."

पद्माक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, आत जाऊन बस, कॉफी टाकते, हे उतरले की. मी बसते म्हटलं, पण बसले नाही. ते उतरायला तयार दिसत नव्हते, आणि त्यांनी उतरून माझ्यासमोर बसावं असं मलाही वाटेना. मी येते म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा टाकीकडे वळले.

फाटकापाशी चपला घालताना मी मागे वळून पाहिलं. अण्णांनी बाही वर सारून हात खांद्यापर्यंत टाकीत घातला होता, गाल टाकीच्या काळ्या प्लास्टिकला टेकला होता आणि डोळे मिटलेले होते, आतलं काहीतरी चाचपत असल्यासारखे. पाणी कडेवरून त्यांच्या शर्टावर, शिडीवर आणि खाली पद्माक्कांच्या हातांवर पडत होतं. त्या शिडी घट्ट धरून वर बघत होत्या.